असेल, असणार, आहेच

आमच्या घरातून आयुष्यभर समन्स बाहेर गेली, घरात कधी एकही आलं नव्हतं. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होते. सायकलला खाकी पिशवी, पिशवीत दुसऱ्यांची भांडणं, आणि कुणाच्या दारात गेले की घरातली बाई आधी पाणी विचारायची आणि मग कागद बघून तोंड वाकडं करायची. त्यामुळे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या मेलबॉक्समध्ये माझ्या नावाचं समन्स आलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळाच आला, मी काय केलं बाबा, आणि मग नीट वाचलं तर ज्युरी ड्यूटी, म्हणजे खटला ऐकून निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं. सिटिझनशिप घेऊन दोन वर्षं झाली होती, म्हणजे नंबर लागणारच होता कधीतरी.

नवरा म्हणाला टाळ काहीतरी सांगून. ऑफिसात प्रत्येकाकडे टाळायची एक आयडिया तयार होती, कुणी म्हणे इंग्लिश नीट येत नाही म्हणून सांग (ही माझीच मॅनेजर, जी मला रोज ईमेल दुरुस्त करायला देते). मी नाही टाळलं. खरं कारण देशप्रेम वगैरे काही नव्हतं, मला फक्त आतून बघायचं होतं. लहानपणी अण्णांचा डबा घेऊन कोर्टात गेले की मी व्हरांड्यातल्या बाकावर बसायचे, आत जायची परवानगी नसायची, पट्टेवाल्याचा पुकारा तेवढा ऐकू यायचा.

तर न्यू ब्रन्सविकचं कोर्ट. मोठा हॉल, शेदीडशे माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आरटीओमध्ये असतो तसा भाव. त्या वेळी दिवसाला 5 डॉलर मिळायचे आणि चौथ्या दिवसापासून 40, म्हणजे सरकारलाही माहिती होतं की तीन दिवसांत बहुतेक लोक सुटतात. मी नाही सुटले. दोन दिवस निवड चालली. प्रश्न विचारतात, आणि काय काय विचारतात! टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठून मिळतात, गाडीला बंपर स्टिकर आहे का. मी म्हटलं स्टिकर नाही, डॅशबोर्डवर गणपती आहे. जजबाई हसल्या, त्यांनी काय लिहून घेतलं देव जाणे. मग विचारलं, पोलिसाची साक्ष केवळ तो पोलीस आहे म्हणून जास्त खरी मानाल का, किंवा कमी खरी मानाल का. आता याचं खरं उत्तर द्यायचं तर वाईच्या एसटी स्टँडपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, सारखीच मानेन. दोन्ही वकिलांनी माझ्याकडे बघितलं आणि दोघांनाही मी चालले.

चौदा जणांना बसवलं. बारा लागतात, दोन जास्तीचे, कुणी आजारी पडलं तर. आणि हे जास्तीचे कोण ते आधी ठरवत नाहीत, शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे चौदाही जणांनी आपणच निकाल देणार असं समजून ऐकायचं. हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं. नंतर काय झालं ते सांगते.

पहिल्याच दिवशी जजबाईंनी दम भरला. केसबद्दल कुणाशी बोलायचं नाही, नवऱ्याशी नाही, एकमेकांशीसुद्धा नाही, गुगल करायचं नाही, त्या जागेवर जाऊन बघायचं नाही. आता आमच्याकडे रोज सकाळी सव्वासातला अण्णांचा व्हॉट्सअॅप कॉल असतो, त्यांचं चहाबिहा उरकलेलं असतं आणि माझी डबा भरायची घाई. कोर्टाचं नाव निघाल्यावर माणूस काय शांत बसणार.

"मामला काय आहे? दरोडा का खून?"

"अण्णा, सांगता येत नाही."

"अगं मी कोण? मी अडतीस वर्षं कोर्टात काढलीत."

"म्हणूनच सांगत नाही."

यावर गप्प झाले. मला वाटलं रागावले. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं की पारावर जाऊन चार जणांना सांगून आले, पोरगी पक्की आहे, बापालासुद्धा दाद देत नाही.

केस लहानच होती, आणि जे सांगतेय त्यातही थोडं इकडचं तिकडे केलंय. रात्री साडेनऊचा सुमार, दुकानांच्या रांगेसमोरचा पार्किंग लॉट, एका बाईच्या खांद्यावरची पर्स हिसकावून एकजण पळाला, बाई पडली, मनगट मोडलं. कॅमेऱ्यात एक हूडी घातलेली आकृती, ती मीही असू शकले असते. तीन आठवड्यांनी पोलिसांनी बाईला फोटो दाखवले, एकामागे एक, आणि तिने एकावर बोट ठेवलं. तोच समोर बसलेला, कोपऱ्यात, मोठ्या मापाच्या कोटात, कोट उसना असावा. बाकी पुरावा म्हणावा तर तो तिथून दहा मिनिटांच्या अंतरावर राहायचा. तो स्वतः साक्षीला उभा राहिला नाही. बास, एवढंच. बाई साधी होती, माझ्या मावशीसारखी, हात अजून नीट वळत नव्हता तिचा, आणि तिला विचारलं की तुम्हाला खात्री आहे का, तर ती म्हणाली तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

संपलंच की. मी त्या रात्री भांडी घासताना मनाशी म्हटलं, यानेच केलं असणार.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी पुढचे चार दिवस त्याच्याशीच भांडत होते.

मधे शनिवार-रविवार आला. कोथिंबीर संपली होती आणि आमचं इंडियन ग्रोसरीचं दुकान नेमकं त्याच रस्त्यावर. जागेवर जायचं नाही म्हणजे नाही, म्हणून मी मैलभर लांबून वळसा घालून दुसऱ्या दुकानात गेले, नवऱ्याला कळेना बाईला झालंय काय. आणि तरी गाडी चालवताना डोक्यात तेच, पार्किंगमधल्या त्या दिव्याच्या खांबापासून बाईची गाडी किती लांब होती, वीस फूट का तीस.

सोमवारी भाषणं झाली, आधी आरोपीच्या वकिलाचं, मग सरकारी वकिलाचं, आणि त्यानंतर जजबाईंनी चार्ज वाचायला घेतला. चार्ज म्हणजे ज्युरीला कायदा समजावून सांगणं. आपल्याकडच्या पिक्चरमध्ये वकील ओरडतात आणि जज हातोडा आपटतो (जो आपल्या कोर्टात नसतोच), त्यामुळे मला वाटलं होतं की भाषणं झाली की खेळ खल्लास. प्रत्यक्षात सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात कंटाळवाण्या आवाजात येतो. तास सव्वा तास बाई वाचत होत्या, अधूनमधून पाणी पीत होत्या. आमच्याही हातात कागद दिलेले. शेजारचा एकजण पेंगत होता. मी मात्र ताठ बसले, कारण एकेक वाक्य माझ्याच त्या भांड्यांच्या सिंकजवळच्या वाक्यावर येऊन आपटत होतं.

पहिलं, आरोपपत्र हा पुरावा नाही. माणूस त्या खुर्चीत बसलाय यावरून काही म्हणजे काही धरायचं नाही. आता आपल्याकडे आग असल्याशिवाय धूर निघत नाही हे आईच्या दुधाबरोबर आत जातं. पोलीस उगाच कुणाला उचलतील का, असं म्हणणारे आणि पोलीस काय कुणालाही उचलतात असं म्हणणारे एकाच ओसरीवर बसलेले असतात, बऱ्याचदा तो एकच माणूस असतो.

दुसरं, तो बोलला नाही. तो त्याचा हक्क आहे, ते तुमच्या चर्चेत कुठल्याही प्रकारे, कधीही येता कामा नये. भारतातही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, घटनेच्या 20व्या कलमातच आहे ते. पण मौनं संमतिलक्षणम् हे त्याच्या कितीतरी आधीचं. मी कबूल करते, तो उभा राहिला नाही तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं होतं, खरं असतं तर बोलला नसता का. आणि इथे ही बाई मला सांगतेय की असं वाटणंसुद्धा टेबलावर आणायचं नाही. मनात आलेलं मनातून कसं काढायचं ते मात्र कागदावर नव्हतं.

आणि तिसरं, ओळख. यावर पानंच्या पानं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे न्यू जर्सीचं खास आहे. 2011 साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हेंडरसन नावाच्या केसमध्ये मानसशास्त्राचं संशोधन तपासून घेतलं आणि म्हटलं की डोळ्यांनी बघितलेल्या ओळखीबद्दल ज्युरीला आजवर जे सांगत आलो ते पुरेसं नाही, मग 2012 च्या सप्टेंबरपासून नवीन सूचना लागू झाल्या. त्यात सरळ सांगितलंय, माणसाची आठवण म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डिंग नव्हे की बटण दाबलं आणि पुन्हा बघितलं. उजेड किती होता, अंतर किती, चेहरा किती वेळ दिसला, माणूस घाबरलेला होता का, मधे किती दिवस गेले, हे सगळं बघा. साक्षीदार अगदी प्रामाणिक असूनही चुकू शकतो. तो ठामपणे सांगतोय एवढ्यावरून ते खरं ठरत नाही. आणि वेगळ्या वंशाच्या माणसाचा चेहरा ओळखायला लोकांना जास्त अवघड जातं, हेही ध्यानात घ्या.

हे शेवटचं ऐकून मी खाली मान घातली. इथे आल्यावर पहिल्या नोकरीत आमच्या टीममध्ये दोन सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, उंच माणसं होती, आणि मी सहा महिने एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत होते. एकाला तर त्याच्या बायकोच्या बाळंतपणाबद्दल शुभेच्छा दिल्या, तो बिनलग्नाचा. आणि मला पक्कं, शंभर टक्के वाटत होतं की हाच तो. पक्कं वाटणं आणि पक्कं असणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि गंमत म्हणजे आतून दोन्ही अगदी सारखंच लागतं.

डीएनए तपासणी आल्यावर अमेरिकेत जे निरपराध लोक वर्षानुवर्षांनी तुरुंगातून सुटले, त्यातल्या बहुतेकांच्या केसमध्ये कुणीतरी चुकून, अगदी प्रामाणिकपणे बोट दाखवलेलं होतं. बोट दाखवणारे खोटारडे नव्हते. त्या मावशीसारखेच होते.

मग आलं ते सगळ्यांनी ऐकलेलं, वाजवी संशय. आपल्या मराठी कायद्यातला हा शब्द मला नेहमी भाजी मंडईतला वाटत आलाय. वाजवी भाव, वाजवी दर, म्हणजे घासाघीस करून दोघांना पटलेला. संशय वाजवी आहे का गैरवाजवी ते कोण ठरवणार, कुठल्या तराजूत? जजबाईंनी वाचलं त्याचा मतलब असा, की या जगात फार थोड्या गोष्टी आपल्याला पूर्णपणे खात्रीने माहीत असतात, आणि कायदा प्रत्येक शक्य संशय फिटावा अशी मागणी करत नाही. पुरावा ऐकून तुमची ठाम खात्री पटली असेल तर दोषी म्हणा. ठाम खात्री पटली नसेल तर संशयाचा फायदा आरोपीला द्या.

संशयाचा फायदा! मी खुर्चीत दचकले. हा शब्द मी आयुष्यभर पेपरात वाचला होता, 'संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता', आणि दर वेळी घरात कुणीतरी म्हणायचंच, सुटला साला. पैसे चारले असतील, साक्षीदार फितूर झाले असतील. फायदा म्हटलं की आपल्याला लगेच कुणीतरी काहीतरी लाटलं असं वाटतं. शब्दच तसा आहे. आणि दुसरा शब्द तर त्याहून घोळाचा, निर्दोष. इथे ज्युरी म्हणते नॉट गिल्टी, म्हणजे सरकारला दोष सिद्ध करता आला नाही, इतकंच. तो धुतल्या तांदळासारखा आहे असं कुणीच म्हणत नाही. मराठी बातमीत मात्र एकाच ओळीत संशयाचा फायदाही आणि निर्दोषही, मग वाचणारा म्हणतो की अरे ठरवा ना काय ते एकदा.

पण त्याच सव्वा तासात मला हेही लक्षात आलं की मराठीला हे सगळं बोलायला शब्द उसने घ्यायची गरजच नाही, क्रियापदातच पायऱ्या आहेत. त्याने केलं असेल. त्याने केलं असावं. त्यानेच केलं असणार. त्यानेच केलंय. आई किल्ली शोधताना बरोबर याच पायऱ्या चढते, टेबलावर असेल, मग पर्समध्ये असावी, मग गाडीतच असणार, आणि शेवटी सापडते ती फ्रीजवर. 'असणार' ही फार फसवी पायरी आहे. तिथे उभं राहिलं की आपण वर पोचलोय असं वाटतं. आवाज चढतो, 'च' लागतो, पण खाली माहिती मात्र 'असेल' एवढीच असते. केस संपल्यावर मी वाचत सुटले तेव्हा आपल्याच सुप्रीम कोर्टाचं 1973 चं शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य सापडलं. त्यात नेमकं हेच, की आरोपी दोषी असू शकतो एवढ्याने भागत नाही, तो दोषी असलाच पाहिजे, आणि या दोन्हींमधलं मनातलं अंतर लांबचं आहे. पुढे 1984 मध्ये पुण्याच्या शरद बिरदीचंद सारडांच्या केसमध्ये परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली, ज्याला वकील लोक पंचशील म्हणतात, तिथेही हीच ओळ पुन्हा आली. अर्थात त्याच बोबडे निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी उलटा इशाराही दिलाय, की संशयाच्या फायद्याची अशी अतिरेकी भक्ती नको की गुन्हेगार सुटतच राहतील आणि लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल. म्हणजे आमच्या ओसरीवरची माणसंही अगदीच चुकीची नव्हती म्हणा.

जजने एक शब्द कसा समजावला यावर माणसाची वर्षंच्या वर्षं जाऊ शकतात, आणि याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्याच घरचा आहे हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. टिळकांवरचा 1897 चा खटला, मुंबई हायकोर्ट, समोर ज्युरी नऊ जणांची. कलम 124-अ, सरकारबद्दल 'डिसअफेक्शन' पसरवणं. आता डिसअफेक्शन म्हणजे नक्की काय, यावरच सगळं. जस्टिस स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं, त्याचा अर्थ साधा आहे, अफेक्शन नसणं. प्रेमाचा अभाव. मग पुढे द्वेष, शत्रुत्व, तिरस्कार, सगळ्या प्रकारचा दुष्ट भाव वगैरे आलंच. पण पहिली फटच केवढी मोठी बघा. सरकारवर प्रेम नसणं हा गुन्हा म्हटला तर त्या वर्षी प्लेगच्या बंदोबस्तात घरात बूट घालून शिरलेले सोल्जर बघितलेलं अख्खं पुणं आत टाकावं लागलं असतं. सहा विरुद्ध तीन, सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी नाही म्हणाले, आणि दीड वर्ष सक्तमजुरी. मराठीत त्या कलमात 'अप्रीती' असा शब्द वापरायचे, आणि तो शब्द बघा कसा बनलाय, अ-प्रीती. स्ट्रॅचीसाहेब भाषांतरातसुद्धा जिंकून गेले.

1908 ला परत तेच कलम, या वेळी जस्टिस दावर, जे 1897 मध्ये टिळकांच्या जामिनासाठी त्यांच्याच बाजूने उभे राहिले होते. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. केसरीतले लेख मराठी, आणि जे ठरवणार त्यांच्या हातात इंग्रजी भाषांतर. टिळक स्वतः जवळजवळ 21 तास बोलले, त्यातला बराच वेळ हा शब्द असा नाही, तो तसा आहे, हेच सांगण्यात गेला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षं काळं पाणी, मग मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, असं ते म्हणाले, ती वाक्यं आज हायकोर्टात त्याच कोर्टरूमबाहेर दगडावर कोरलेली आहेत. अण्णांनी मला नववीत असताना तिथे नेऊन ती वाचायला लावली होती. मला तेव्हा फक्त भूक लागली होती. आता वाटतं, दगडावर स्ट्रॅचीचं ते एक वाक्यही कोरायला हवं होतं, शेजारी.

असो. फार लांब गेले.

चार्ज संपला आणि क्लार्कने तो चिठ्ठ्यांचा लाकडी डबा फिरवला. दोन नंबर निघाले. दुसरा माझा होता.

सहा दिवस नोट्स काढलेली मी, रात्री झोप न लागलेली मी, बाहेर. बारा जण उठून आतल्या खोलीत गेले, त्यात तो पेंगणाराही होता (त्यातून तो पहिल्या खुर्चीवाला, म्हणजे तिथल्या पद्धतीप्रमाणे आपोआप फोरमन!), आणि आम्ही दोघं दुसऱ्या खोलीत. घरी जाऊ देत नाहीत, कारण आतलं कुणी आजारी पडलं तर आम्हाला बोलावणार. आणि केसबद्दल आपसात बोलायचंही नाही. माझ्याबरोबर एक रिटायर्ड शाळामास्तर, सत्तरीचे. सोमवारची दुपार आणि मंगळवारची सकाळ आम्ही हवामान, टोमॅटोची रोपं आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन यावर काढली. दोघांच्याही डोक्यात तो दिव्याचा खांब. एकदा ते म्हणाले, बाहेर अंधार लवकर पडायला लागला नाही का आता, आणि मग आम्ही दोघंही एकदम गप्प झालो, कारण हेही केसबद्दल बोलणं झालं की काय.

त्या खोलीत बसून मला नानावटी आठवत होता. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की सगळ्यांना एवढंच माहीत असतं, नौदलाचा देखणा कमांडर, बायकोचा मित्र, तीन गोळ्या, ब्लिट्झ पेपरने उठवलेलं रान, ज्युरी भावनेत वाहून गेली, आठ विरुद्ध एक मतांनी सोडला, म्हणून भारतातून ज्युरी गेली. मीही असंच समजत होते. वाचल्यावर कळलं की गोष्ट इतकी सरळ नाही. ज्युरी बंद करा अशी शिफारस लॉ कमिशनने 1958 मध्येच, चौदाव्या अहवालात केली होती, गोळ्या झाडल्या 27 एप्रिल 1959 ला. आणि ज्युरी पद्धत फौजदारी कायद्यातून पूर्ण गेली ती 1973 च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने. दुसरं म्हणजे, सेशन्स जजला निकाल पटला नाही म्हणून केस हायकोर्टात गेली, तेव्हा हायकोर्टाने आणि मग 1961 ला सुप्रीम कोर्टाने दोष काढला तो नुसत्या ज्युरीचा नाही, जजने ज्युरीला जे समजावलं त्याचा. गोळी झटापटीत चुकून सुटली असं आरोपी म्हणत असेल तर कायद्याने ते दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते, हे ज्युरीला सांगितलंच गेलं नव्हतं. पुराव्याची साखळी कशी तपासायची हेही नीट उलगडून दाखवलं नव्हतं. आता बघा, माणूस बायकोमुलांना सिनेमाला सोडतो, जहाजावर जातो, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतो, घरून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास जातात. सुप्रीम कोर्ट म्हणालं, डोकं ताळ्यावर यायला एवढा वेळ पुरे होता. हे ज्युरीला कुणी शांतपणे, कंटाळवाण्या आवाजात, पाणी पीत पीत सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित तेच झालं असतं. पण ज्यांच्या हातात चुकीचा नकाशा दिला त्यांनाच रस्ता चुकले म्हणून आपण साठ वर्षं हसतोय.

आपल्या जुन्या पुरावा कायद्यात 'शाबीत' म्हणजे काय हे सांगताना सुज्ञ माणूस धरलाय, परिस्थिती बघून सुज्ञ माणसाने ज्यावर भरवसा ठेवून वागावं इतकं ते संभवनीय हवं. आणि आपण तर म्हणतो सुज्ञांस अधिक सांगणे न लगे! मला वाटतं सुज्ञांनाच अधिक सांगावं लागतं. मी सुज्ञ आहे, दोन डिग्र्या आहेत, आणि दुसऱ्याच दिवशी भांडी घासता घासता एका माणसाला आत टाकून मोकळी झाले होते.

मंगळवारी दुपारी अडीचला बोलावलं. सगळे उभे. तो पेंगणारा माणूस हातात कागद घेऊन उभा होता आणि त्याचा हात थरथरत होता, तेव्हा मी त्याला मनातून माफ केलं. नॉट गिल्टी. मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, तुमचंही हेच मत आहे का, बारा वेळा होय. तिथे बाराच्या बारा लागतात, आठ-एक नाही, सात-दोन नाही.

आणि मला हायसं वाटलं. इतकं की पाय लटपटले. आणि लगेच दुसऱ्या क्षणी प्रश्न, हायसं का वाटलं गं तुला? तुझं तर ठरलं होतं ना, त्यानेच केलं असणार म्हणून? ठाम खात्री असती तर चीड यायला हवी होती. मी त्या मावशीकडे बघायचं टाळलं. ती शेवटच्या बाकावर बसली होती, मनगट दुसऱ्या हाताने धरून, तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही आणि आता सांगणारही नाही.

संध्याकाळी मीच फोन लावला, तिकडे पहाट होती, अण्णा जागेच होते. आता सांगता येत होतं, सगळं सांगितलं, हेंडरसन, हूडी, डबा, शाळामास्तर. ते हुं हुं करत होते.

"सुटला म्हण की."

"हो."

"म्हणजे त्याने केलं नव्हतं?"

"माहीत नाही अण्णा. केलंही असेल."

मला वाटलं आता म्हणतील, मग काय उपयोग. पण ते एकदम दुसरंच सांगायला लागले. म्हणे ऐंशीच्या आसपासची गोष्ट, एका वाडीवर समन्स बजावायला गेलो. दार आतून बंद. चूल पेटलेली, धूर दिसतोय. दारात कोल्हापुरी चपलांचा जोड, नवा कोरा. तीन हाका मारल्या, चौथीला कुत्रं आलं. मग दारावर कागद डकवला, दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि येऊन अहवाल लिहिला, दार बंद आढळले, दारासमोर चपलांचा एक जोड दिसला, तीन वेळा पुकारले, प्रतिसाद मिळाला नाही. नाझर भडकला माझ्यावर. म्हणाला चपला बाहेर आहेत, चूल चालू आहे, म्हणजे इसम आतच असणार, तसं लिहा ना सरळ! मी म्हटलं साहेब, मला चपला दिसल्या, इसम नाही दिसला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

"मग होता का तो आत?"

"कोण जाणे," अण्णा म्हणाले. "चपला भारी होत्या पण."